मोफत दवाखाना, विद्यार्थी स्वयंसेवक आणि बांगलादेशचा जुना जमाखर्च

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "मुलगी अकरावीत आहे, मेडिकलला जायचं म्हणते. एखाद्या गरीब देशात मोफत आरोग्य शिबिराला दोन आठवडे पाठवावं का?" मग खाली शंभर कॉमेंट्स. कोणी संस्थेची फी सांगतं, कोणी म्हणतं कॉलेजच्या अर्जात फार उपयोग होतो, तेवढे व्हॉलंटियरचे तास भरतात. आणि कोणीतरी हळूच विचारतं, "मुस्लिम देश आहे, त्यातून खेडेगाव. मुलीला पाठवणं बरं का?"

मी डॉक्टर नाही, व्यवसायाने सीए आहे. त्यामुळे "मोफत" शब्द दिसला की माझ्या डोक्यात लगेच येतं, की खर्च कोणाच्या खाती पडला? यावर मत देण्यापेक्षा एक खराखुरा इतिहास सांगते. तो बांगलादेशचा आहे. त्यात परदेशात स्थायिक झालेले डॉक्टर आहेत, कॉलेजात शिकणाऱ्या मुली आहेत, त्यांना पाठवणारी एक आई आहे आणि बहुसंख्य मुस्लिम वस्तीची गरीब खेडी आहेत. आपल्यासारख्या पालकांना त्यातून बरंच घेण्यासारखं आहे.

१. लंडनहून थेट बांबूच्या दवाखान्यात

मार्च 1971. पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली. पुढच्या काही महिन्यांत सुमारे 1 कोटी निर्वासित भारतात आले. आपल्या आईवडिलांच्या पिढीला ते दिवस आठवत असतील.

तेव्हा ब्रिटनमध्ये बरेच बंगाली डॉक्टर होते, नोकरी करणारे, पुढच्या परीक्षा देणारे. त्यांनी एकत्र येऊन संघटना उभी केली आणि वर्गणी काढून पैसे, औषधं, उपकरणं जमवायला सुरुवात केली. त्यांच्यातले एक झफरुल्ला चौधरी. चितगावकडचे, 1964 साली ढाका मेडिकल कॉलेजातून पास झालेले, एफआरसीएसची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. त्यांनी ती सोडून दिली. लंडनमध्ये निदर्शनात पाकिस्तानी पासपोर्ट फाडून टाकला आणि डॉ. एम. ए. मोबिन यांच्यासोबत भारतात आले.

त्रिपुरात, सीमेला लागून, मुक्तिवाहिनीच्या सेक्टर दोनच्या मदतीने त्यांनी दवाखाना सुरू केला. आधी मेलाघरच्या बाजूला, मग विश्रामगंजला. बांबूच्या भिंती, बांबूच्या खाटा आणि वाढत वाढत 480 खाटांचं इस्पितळ. नाव बांगलादेश फील्ड हॉस्पिटल. इस्पितळाची जबाबदारी होती कॅप्टन डॉ. सितारा बेगम यांच्याकडे. लष्करी डॉक्टर, वय पंचविशीच्या आसपास. युद्धानंतर त्यांना वीर प्रतीक हा शौर्यसन्मान मिळाला. पुढे त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या, म्हणजे आपल्यासारख्याच.

२. नर्स नव्हत्या, विद्यार्थिनी होत्या

एवढ्या मोठ्या इस्पितळाला नर्स कुठून आणायच्या? प्रशिक्षित नर्स जवळजवळ नव्हत्याच. होते ते मेडिकलचे विद्यार्थी आणि ढाक्याहून सीमा ओलांडून आलेल्या तरुण मुली. त्यात सुलताना आणि सईदा या दोन बहिणी होत्या. सुलताना तेव्हा ढाका विद्यापीठात शिकत होती. दोघी प्रसिद्ध कवयित्री सुफिया कमाल यांच्या मुली.

पालक म्हणून मी इथे थांबते. सुफिया कमाल स्वतः ढाक्यातच राहिल्या. लष्कराची त्यांच्यावर पाळत होती. पोटच्या दोन मुली सीमेपलीकडे आणि आई व्यापलेल्या शहरात. आपण मुलीला एका कनेक्टिंग फ्लाइटने एकटं पाठवताना दहा वेळा फोन करतो, तेव्हा त्या घरात ते महिने कसे गेले असतील याचा विचार करा.

या मुलींना नर्सिंगचं कसलंही शिक्षण नव्हतं. मलमपट्टी, इंजेक्शन, ताप बघणं, जखमा धुणं, रात्रभर जागणं, सगळं तिथेच शिकल्या. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. नीट शिकवलं, चुका दाखवायला कोणी अनुभवी माणूस शेजारी असलं आणि काम रोजचं असलं, तर आरोग्यसेवेतलं बरंचसं काम डॉक्टर नसलेली माणसंही उत्तम करू शकतात. युद्धाच्या अडचणीतून सापडलेलं हे ज्ञान झफरुल्लांनी पुढे आयुष्यभर वापरलं.

सुलताना कमाल पुढे वकील झाल्या, बांगलादेशातल्या मानवी हक्क चळवळीचं मोठं नाव. सईदा चित्रकार झाल्या. म्हणजे दोघींपैकी कोणीही मेडिकलला गेली नाही! ज्यांना वाटतं की स्वयंसेवा म्हणजे करिअरची पहिली पायरी, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवा.

३. सावर: विद्यार्थी मागे सरकले, गावातल्या मुली पुढे आल्या

डिसेंबर 1971 मध्ये युद्ध संपलं. देश मोकळा झाला पण मोडून पडलेला. झफरुल्लांना लंडनला परतून सर्जन होणं सहज शक्य होतं. ते इस्पितळच घेऊन देशात आले. 1972 मध्ये ढाक्याजवळ सावर इथे तंबूंमध्ये काम सुरू झालं. नाव काय द्यायचं यावर शेख मुजीबुर रहमान यांच्याशी चर्चा झाली आणि ठरलं 'गणस्वास्थ्य केंद्र'. गण म्हणजे जनता. जमिनीचा काही भाग एका कुटुंबाने दिला, बाकीची सरकारने मिळवून दिली.

आता परिस्थिती बघा. आजूबाजूला शेतकऱ्यांची, शेतमजुरांची गावं, बहुतेक मुस्लिम. बायका परपुरुष डॉक्टरसमोर येत नाहीत. बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातून. शहरातला डॉक्टर खेड्यात राहायला तयार नाही आणि राहिला तरी अर्ध्या गावापर्यंत, म्हणजे बायकांपर्यंत, त्याला पोचता येत नाही.

मग केंद्राने आसपासच्या गावांतल्याच, थोडंफार शिकलेल्या मुली निवडल्या आणि त्यांना पॅरामेडिक म्हणून तयार केलं. लसीकरण, गर्भवतींची तपासणी, जुलाब-ताप-खरजेवर उपचार, कुटुंबनियोजन. सुईणींना हाकलून दिलं नाही, त्यांनाही शिकवून सोबत घेतलं. आणि या मुलींना सायकली दिल्या.

सत्तरच्या दशकात बांगलादेशच्या खेड्यात मुलगी सायकलवर! लोकांनी नावं ठेवली. पण रात्री दहा वाजता ज्या घरातली सून अडली, त्या घराला तीच सायकल हवीहवीशी वाटली. मुलगी गावातलीच, बोली तीच, नमाजाच्या आणि रोज्याच्या वेळा तिला माहीत, सासूशी कसं बोलायचं हेही माहीत. दोन आठवड्यांसाठी आलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला, तो कितीही हुशार असला तरी, हे जमणार नाही.

या मुलींनी पुढे स्त्रियांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियाही शिकून घेतल्या. 1975 साली 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात त्यावर लेख आला, की नीट शिकवलेल्या पॅरामेडिक ही शस्त्रक्रिया सुरक्षितपणे करू शकतात. डॉक्टरमंडळींना ते पचायला जड गेलं.

केंद्राचा आणखी एक नियम मला फार आवडतो. डॉक्टर असो, कारकून असो, पॅरामेडिक असो, सगळ्यांनी रोज थोडा वेळ शेतात काम करायचं. ज्याच्यावर उपचार करायचे त्याचं आयुष्य हाताला कळलं पाहिजे, हा विचार. आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात एनएसएसचे कॅम्प केलेत. 1969 साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, ती योजना सुरू झाली. श्रमदान, प्रभातफेरी, रात्री शेकोटीभोवती गाणी. मजा यायची. पण आपण दहा दिवसांनी घरी यायचो. सावरमध्ये हेच रोज चालू होतं.

४. विरोध कोणी केला?

ग्रुपवर "मुस्लिम खेडं" म्हटलं की काही जण लगेच गृहीत धरतात की धर्ममार्तंडांनीच अडवलं असेल. तसा विरोध झालाच, बायकांनी बाहेर पडू नये म्हणणारे होते. पण चित्र तेवढंच नव्हतं.

गावात स्वस्त, चांगला उपचार मिळू लागला की बोगस डॉक्टरचं दुकान बसतं. आजारपणासाठी कर्ज काढावं लागलं नाही की सावकाराचं व्याज बुडतं. सरकारी औषध चोरून विकणाऱ्याचं पितळ उघडं पडतं. 1976 साली शिमुलिया इथल्या उपकेंद्रातल्या निजाम नावाच्या तरुण पॅरामेडिकचा खून झाला. गावातल्या हितसंबंधांना त्याचं काम खुपत होतं. लोकांच्या औषधपाण्यासाठी एका साध्या कार्यकर्त्याचा जीव गेला.

आणि हेही खरं, की केंद्र टिकलं ते त्याच गावांमुळे. त्याच मुस्लिम घरांतल्या मुली कामाला आल्या, त्यांच्याच बापांनी त्यांना पाठवलं, त्यांच्याच आयांनी दार उघडलं. विरोध करणारे आणि पाठीशी उभे राहणारे एकाच गावचे, एकाच धर्माचे होते. पैशाची वाट बघितली की बऱ्याचदा भांडणाचं खरं कारण सापडतं, असा माझ्या धंद्यातला अनुभव आहे.

५. मोफत म्हणजे नक्की काय?

आता माझ्या आवडीचा भाग. गणस्वास्थ्य केंद्राने सगळं सगळ्यांना फुकट दिलं नाही. खेड्यात आरोग्य विमा सुरू केला. हप्ता कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे. ऐपत ठरवायला पगाराची स्लिप कुठून आणणार? म्हणून साधा निकष, घरात वर्षभर दोन वेळचं जेवण मिळतं का? अगदी गरिबाला नाममात्र, सुखवस्तूला जास्त. सेवा सगळ्यांना सारखीच.

याने दोन गोष्टी साधल्या. एक, देणगीदार कंटाळला तरी दवाखाना लगेच बंद पडत नाही. दोन, हप्ता भरणाऱ्या बाईला "आज औषध का नाही?" असं विचारायचा हक्क मिळतो. फुकट घेणारा माणूस बिचारा गप्प बसतो.

औषधांच्या किमतींवरही काम झालं. 1981 मध्ये केंद्राने स्वतःचा औषध कारखाना सुरू केला. 1982 मध्ये बांगलादेशने राष्ट्रीय औषध धोरण आणलं. 150 अत्यावश्यक औषधांची यादी केली आणि सुमारे 1700 निरुपयोगी किंवा घातक औषधं बाजारातून काढायचं ठरवलं. या धोरणामागे झफरुल्लांचा मोठा हात होता. परदेशी कंपन्या चिडल्या, तिथली डॉक्टरांची संघटनाही विरोधात गेली. पण देशी औषध उद्योग त्यानंतरच वाढला. एखादं शिबिर भरवून हजार लोकांना गोळ्या वाटणं चांगलंच, पण गोळीची किंमत उतरवली तर कोट्यवधींना ती स्वतःच्या पैशाने घेता येते.

आणि ऑडिट म्हणाल तर ते खरंखुरं. केंद्राच्या भागात बाळंतीण किंवा तान्हं मूल दगावलं की गावात सभा घेतात. घरचे, शेजारी, सुईण, पॅरामेडिक सगळ्यांसमोर विचारायचं. काय झालं? कोणी उशीर केला? आमच्या माणसाने काय करायला हवं होतं? मी आयुष्यात पुष्कळ ऑडिट रिपोर्ट वाचलेत. मृत मुलाच्या आईसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागेल असं ऑडिट मी पाहिलेलं नाही.

६. तास मोजायचे की आणखी काही?

त्याच देशातलं, त्याच काळातलं आणखी एक उदाहरण, कारण ते थेट आपल्या "व्हॉलंटियर अवर्स"ला लागू आहे. 1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या तरुण कार्यकर्त्या घरोघरी फिरल्या. जुलाबात मुलं मरू नयेत म्हणून आईला घरच्या घरी पाणी करायला शिकवायचं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सुमारे 1.2 कोटी घरांपर्यंत त्या पोचल्या.

त्यांचा पगार कसा ठरायचा ठाऊक आहे? किती घरं फिरलीस यावर नाही. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती येऊन त्यातल्या काही आयांना निवडून विचारायची, काय शिकलात? करून दाखवा. आईला जेवढं आठवेल त्यावर कार्यकर्तीचे पैसे. मंडळी, हे कुठल्याही मोठ्या कंपनीच्या बोनस योजनेपेक्षा शहाणपणाचं आहे!

सुरुवातीला आयांना कृती पाठ होती पण प्रत्यक्षात वापर कमी होता. मग कळलं, घरातल्या पुरुषांना कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हा बाजारात, शाळेत, मशिदीत जाऊन पुरुषांशी बोलणं सुरू झालं. समाज जसा आहे तसा समजून घेऊन त्याच्यासोबत चालायचं, हेच इथेही.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, झफरुल्लांना 1985 साली. नगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव आणि पुरात बुडणारं सावर, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, उत्तर जवळजवळ एकच.

७. मग विद्यार्थ्यांनी काय करायचं?

विद्यार्थ्यांचा उपयोग नाही असं मी अजिबात म्हणत नाही. फील्ड हॉस्पिटलच्या मुली नसत्या तर सावरच्या सायकली कधी निघाल्याच नसत्या. आणखी एक गोष्ट सांगते. 5 फेब्रुवारी 1977 ला ढाका मेडिकल कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी 'संधानी' नावाची संघटना काढली. त्या काळी तिथे रुग्णाला रक्त हवं असेल तर बहुतेक वेळा पैशासाठी रक्त विकणाऱ्यांकडून घ्यावं लागे. या मुलांनी 2 नोव्हेंबर 1978 ला पहिलं ऐच्छिक रक्तदान केलं. आज तो दिवस बांगलादेशात राष्ट्रीय पातळीवर पाळला जातो. त्यांनी काय केलं? स्वतःच्याच कॉलेजातली अडचण धरली, आणि एक बॅच गेली की पुढची बॅच ते काम घेते अशी सोय केली.

गणस्वास्थ्य केंद्रानेही 1998 मध्ये मेडिकल कॉलेज काढलं, नावातच 'समाजभित्तिक' शब्द. तिथे विद्यार्थ्याने खेड्यात जाऊन राहणं हा शिक्षणाचाच भाग. तिथे तो आधी शिकायला जातो. 2017 पासून म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांतही या संस्थेची माणसं काम करत आली आहेत. जी संस्था स्वतः निर्वासितांच्या काळात जन्मली, ती पुन्हा निर्वासितांसाठी उभी राहिली. झफरुल्ला एप्रिल 2023 मध्ये गेले, ढाक्यातल्या केंद्राच्याच इस्पितळात. शेवटचा उपचारही त्यांनी आपल्याच संस्थेत घेतला.

तर मुलांना पाठवायचं का? मी म्हणते, जरूर विचार करा, पण फी भरण्याआधी संस्थेला हे पाच प्रश्न विचारा:

• आम्ही भरतो त्या पैशातले किती त्या गावात राहतात?
• आमची मुलं निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखाना कोण चालवतं? त्या गावातलं कोणी आहे का, आणि त्याला पगार मिळतो का?
• आज ज्याचं ब्लडप्रेशर जास्त निघालं, त्याला पुढच्या महिन्यात औषध कोण देणार?
• मुलं जे काम करणार ते इथल्या, म्हणजे आपण राहतो त्या देशातल्या इस्पितळात त्यांना करू देतील का? नसेल, तर तिथल्या गरिबावर का?
• तुम्ही मोजता काय, आलेले स्वयंसेवक की बरे झालेले रुग्ण?

उत्तरं नीट मिळाली तर बिनधास्त पाठवा. मुलगी असली तरी, खेडं मुस्लिम असलं तरी. सावरमध्ये दार मुलींमुळेच उघडलं होतं. आणि नाही मिळाली, तर तिकिटाचे पैसे तिथल्याच एखाद्या पॅरामेडिकच्या शिक्षणाला द्या आणि मुलाला आपल्याच गावातल्या वृद्धाश्रमात किंवा रक्तपेढीत दर शनिवारी पाठवा. दोन वर्षं, न चुकता. कॉलेजच्या अर्जात काय लिहायचं ते त्याचं तो ठरवेल.

ग्रुपमध्ये डॉक्टर बरेच आहात, आणि काही जणांची मुलं अशा शिबिरांना जाऊन आलीयत. तुमचे अनुभव खाली लिहा, चांगले-वाईट दोन्ही. फक्त शिबिराचे फोटो टाकणार असाल तर एक विनंती, रुग्णांचे चेहरे टाकू नका. आपल्या आईचा इस्पितळातला फोटो कोणी असा टाकलेला आपल्याला चालला नसता.